शुक्रवारी बरोबर मोजणारं यंत्र

बाळाराम, तू गेलास हे मला तीनदा सांगावं लागलं. तुझ्या पुतण्याने, रमेशने, तुमच्या कोन गावातल्या फोनच्या बूथवरून शाळेत फोन केला. शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. रिसीव्हर कानाला लावून मी पहिला प्रश्न विचारला, "कोण बोलतंय?" त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, "कोणता रमेश?" त्याने तुझं नाव सांगितलं आणि बातमीही सांगितली. त्यावर मी काय बोललो असेन? "कशावरून?" पलीकडे पोराने आणखी एक नाणं टाकलं. मग म्हणाला, "मास्तर, काका गेला. कशावरून म्हंजे काय?" त्यानंतर मी नुसतं "कधी" एवढंच विचारलं आणि शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर बसलो.

तू असतास तर यावर आठवडाभर हसला असतास. यमाने बोलावलं तरी मास्तर आधी त्याचं ओळखपत्र मागतील, असं तू शेजारच्या लूमवाल्या सलीमभाईंना सांगितलं होतंस, तेही माझ्यासमोर. मला राग आला होता. तो राग आज कुठे ठेवायचा ते कळत नाही.

तुझे दिवस झाले, पाहुणे पांगले. भिवंडीत कल्याण नाक्याजवळचं तुझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आता रिकामं करायचंय. आणि या सगळ्यात एक काम माझ्या गळ्यात पडलंय. आमच्या शाळेत संगणक कक्ष सुरू होतोय. मुख्याध्यापिका बाईंना कुठून तरी समजलं, की मास्तरांनी फार पूर्वी वाल्वचं एक मोजणारं यंत्र केलं होतं. ते कक्षाच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतात. संगणक काही आकाशातून पडला नाही, त्याच्या पूर्वजांच्या अंगात जुन्या रेडिओतले काचेचे वाल्व होते, हे पोरांना दिसू दे. कल्पना चांगली आहे. बाईंनी एक कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर 'निर्माता' असं छापलंय आणि पुढे रेघ आहे. "एकच नाव घाला हं सर, दोन मावायची नाहीत." सोमवारी द्यायचंय. आपलं भांडण बाईंच्या कानावर कोणी घातलं असेल, याचाच विचार मी पहिले दोन दिवस केला.

कारण भांडण तेच होतं ना? ते यंत्र कोणाचं? माझं की तुझं? इतकी वर्षं आपण या एका प्रश्नावर चहा प्यायलो. आणि उत्तर द्यायची पाळी आली तेव्हा तू निघून गेलास, हेही मला जरा संशयास्पदच वाटतंय.

आपली ओळखच मुळात संशयावर झाली. शाळेचा जुना अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला होता आणि पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. कोणीतरी म्हणालं, कोनचा एक आगरी मेकॅनिक नाक्यावर बसतो, हाताला गुण आहे. मी स्वतः तो डबा सायकलवर बांधून तुझ्याकडे आणला. पण आणण्यापूर्वी प्रयोगशाळेचं दार लावून प्रत्येक वाल्वच्या बुडाशी लाल शाईचा एक-एक ठिपका दिला. मेकॅनिक लोक चांगले वाल्व काढून घेतात आणि म्हातारे बसवतात, असं माझं ठाम मत होतं. चार दिवसांनी डबा परत आला. दार लावून मी पुन्हा सगळे वाल्व उपसले. सगळे लाल ठिपके जागच्या जागी होते आणि प्रत्येकाच्या शेजारी एक निळा ठिपका होता.

मी तसाच तुझ्या दुकानात आलो. तू मान वर न करता म्हणालास, "लाल निशानी तुमची, निली माजी. उद्या शालेत कुनी बदलले न् नाव माज्यावर आलं, तं मी काय करू?"

मी हसलो. मी फार हसत नाही, तुला माहीत आहे. पण उभ्या भिवंडीत माझ्याइतका शंकेखोर माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. त्यानंतर मी दर दोन दिवसांनी काही ना काही बिघडलेलं घेऊन येऊ लागलो. काही वस्तू मीच बिघडवून आणत होतो. ते तुला कळत होतं, असा माझा तेव्हाही वहीम होता.

मग ते इंग्रजी मासिक. रद्दीवाल्याकडे मिळालेलं, अर्ध्या कव्हराचं. त्यात अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा फोटो होता: खोलीच्या चारी भिंतींना लागून कपाटं आणि त्यांच्यासमोर उभ्या राहून वायरी जोडणाऱ्या बायका. आत हजारो वाल्व. मी तुला समजावून सांगायला बसलो. वाल्व काही नुसता आवाज मोठा करत नाही, तो बटणासारखाही वापरता येतो, आणि त्यात हलणारं काही नसल्यामुळे तो भयंकर वेगाने चालू-बंद होतो. दोन वाल्व एकमेकांना उलटसुलट जोडले, की एक चालू असताना दुसरा बंदच राहतो. धक्का दिला की अदलाबदल. पुढचा धक्का मिळेपर्यंत ते आपापली जागा सोडत नाहीत. म्हणजे मागचा धक्का त्यांच्या लक्षात राहिला. या लक्षात राहण्यावरच सगळा संगणक उभा आहे.

तू चहात बिस्कीट बुडवत ऐकत होतास. म्हणालास, "म्हंजे सासू न् सून. एक बोलते तवा दुसरी गप."

मला चीड आली, कारण ते माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मी तेच सांगितलं. पोरं खूश झाली. तुझं नाव मी घेतलं नाही.

तुझ्या माळ्यावर तेव्हा वाल्वचा ढीग होता. सगळ्यांनी ट्रान्झिस्टर घेतले होते आणि जुने रेडिओ लोक तुझ्याकडे टाकून जात होते. मी वहीत आकृती काढली: वाल्वच्या चार जोड्या, चार छोटे निऑनचे दिवे. पहिला दिवा एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा, चौथा आठाचा. पेटलेल्यांची बेरीज करायची, की आकडा मिळाला. दारावरच्या घंटीचं बटण दाबलं, की एकाने पुढे. पंधरापर्यंत मोजायचं आणि सोळाव्याला पुन्हा शून्य. अमेरिकेत खोलीभर कपाटं, आपलं पंधरापर्यंत. तरी ते यंत्र त्यांच्याच वंशातलं होतं.

सोमवारी मी वही दिली आणि शुक्रवारी आलो तर दोन जोड्या चालत होत्या. पण माझ्या आकृतीप्रमाणे नव्हे. तू दोन रेझिस्टन्स बदलले होतेस आणि एक वायर मी काढलीच नव्हती तिथून फिरवली होतीस. मी विचारलं, हे कुठून काढलंस? तू म्हणालास, "हातानं." मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. माझी वही कोणाला दाखवलीस का? रेडिओचे पार्ट विकणारा तो उल्हासनगरचा माणूस आला होता का? मी अशी उलटतपासणी घेतली आणि तू सोल्डरिंगच्या धुरातून माझ्याकडे बघत राहिलास. शेवटी म्हणालास, "मास्तर, तुमच्या कागदावर चालत व्हतं. हितं न्हाय चालत. मंग काय करू, कागदाला बटन लावू?"

तिथून सुरू झालं. कल्पना माझी, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, कल्पना अमेरिकेतून आली, तुमी निस्तं टपाल आनलं. हा टपालाचा टोमणा मला फार झोंबला होता.

त्या मासिकात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावरून आपण सर्वांत जास्त भांडलो. त्या मोठ्या यंत्राच्याही आधी, दूरच्या एका कॉलेजच्या तळघरात एका प्राध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने वाल्वचं एक लहानसं गणित करणारं यंत्र बनवलं होतं. ते नीट पुरं झालं नाही, युद्ध आलं आणि तसंच पडून राहिलं. पण त्याआधी एक पाहुणा ते बघायला आला, त्या प्राध्यापकाच्या घरी काही दिवस राहिला आणि बघून गेला. मोठं यंत्र बांधणाऱ्या मंडळींत पुढे हा पाहुणा होता. कितीतरी वर्षांनी ते कोर्टात गेलं आणि कोर्टाने निकाल दिला, की मूळ कल्पना त्या तळघरातल्या माणसाची. वाचल्या वाचल्या मी मासिक घेऊन तुझ्याकडे धावत आलो. निकाल माझ्या बाजूने लागला, असंच मला वाटत होतं.

"बघ," मी म्हटलं, "ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं."

तू विचारलंस, "आन् चाललं कुनाचं?"

"चाललं त्या दुसऱ्यांचं. पण ते बघून केलेलं."

"बगून केलं त्यात काय? आमच्या कोनात पयली होडी कुनी बांदली? मंग बाकीचे काय चोर?" मग म्हणालास, "त्यानं त्याला येऊन सांगाया पायजे व्हतं. का बाबा, तुजं बगून केलं. मंग कोर्ट कशाला लागलं असतं?"

मी म्हटलं, असं कोणी सांगत नसतं. तू म्हणालास, "त्येच तं."

तेव्हा मला वाटलं, हा मला काहीतरी सुचवतोय, माझ्याकडून काहीतरी वदवून घेतोय. मी मासिक गुंडाळून घरी गेलो आणि पुढचे आठ दिवस फिरकलो नाही.

पण शुक्रवार आला की पाय वळायचेच. शुक्रवार मी ठरवला होता, हे लक्षात ठेव. त्याबद्दल तरी वाद नाही. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी कधीही मोकळा. पण इतर दिवशी सलीमभाईंच्या लूमच्या खडखडाटात मला स्वतःचा विचार ऐकू येत नसे. शुक्रवारी लूमला सुट्टी. सगळ्या गल्लीचा आवाज एकदम बंद पडायचा, लोक हळू बोलायला लागायचे, रस्त्यावर सायकलच्या चेनचा आवाज येई. मी म्हटलं, जोडणी तू कधीही कर, तपासणी मात्र शुक्रवारीच. तू मान डोलावलीस. त्या दुपारी नमाजाहून परतताना सलीमभाई दाराशी थांबायचे, चार दिवे बघायचे आणि म्हणायचे, "मास्टर, पंद्रह तक तो मेरी बकरी भी गिन लेगी." त्यांना मी कितीदा सांगितलं, की उद्या हेच यंत्र लूमवर लावलं तर धोट्याची एक-एक फेरी मोजेल. ते म्हणत, "आज क्यूं नहीं?" आज शुक्रवार होता म्हणून.

आणि यंत्र काय सुंदर चालत होतं रे! तू बटण दाबायचास, मी मोठ्याने आकडा म्हणायचो. एक, दोन, तीन. नारिंगी दिवे एकेक करून जागा बदलायचे. पंधराला चारही पेटले, की तू हात मागे घ्यायचास आणि आपण दोघंही नुसते बघत बसायचो. माझ्या आयुष्यात त्याहून चांगल्या दुपारी फारशा आल्या नाहीत. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू मला काय पाहिजे असं विचारलं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. एका मोठ्या शाळेच्या पटांगणात मंडप होता. अर्जावर 'यंत्राची रचना' यापुढे मी माझं नाव लिहिलं. तुला म्हटलं, नियमच आहे, शाळेतलाच माणूस लागतो. असा नियम होता की नाही, हे मी तपासलं नव्हतं. तू म्हणालास, "लिवा की." तू इतक्या सहज म्हणालास, की मला शंका आली.

प्रदर्शन गुरुवारी होतं. मंडपाच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमच्या शेडची ओळ. बेंचवर यंत्र ठेवलं, वायर जोडली, शून्यावर आणलं. मी बटणाला हातही लावला नव्हता आणि तिसरा दिवा पेटला. मग पहिला. मग चारही, मग एकही नाही. आकडे आपोआप उड्या मारत सुटले. समोर शिक्षण खात्याचे साहेब, त्यांच्यामागे पाच-सहा शाळांचे शिक्षक. साहेब वाकून बघत म्हणाले, "मास्तर, याला मोजायची फार घाई झालीय." सगळे हसले. तू खाली बसून वायरी चाचपत होतास. तुझ्या चेहऱ्यावर घाम होता. तेव्हा मी तो मनावर घेतला नाही. मला फक्त एवढं दिसलं, की तू माझ्याकडे वर बघत नाहीस.

साहेबांनी मला विचारलं, काय झालं? मी त्यांना काहीतरी बोललो. काय बोललो ते लिहायला आत्ता पेन पुढे सरकत नाही, नंतर लिहितो. साहेब मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले.

यंत्र तू उचलून दुकानात नेलंस. त्यानंतर दोन महिने तुझं दुकान बंद होतं. कोनला शेताचं काम आहे, असं रमेशने सांगितलं. परत आलास तेव्हा तू तसाच होतास, चहा तसाच होता. फक्त यंत्र माळ्यावर गेलं होतं आणि शुक्रवार हा इतर दिवसांसारखा एक दिवस झाला. मी येत राहिलो. आपण टीव्हीबद्दल बोललो, जवळच्या पूर्णा गावात उठणाऱ्या गोदामांबद्दल बोललो, तिथे नोकरीला लागलेल्या रमेशला मालाची नोंद संगणकावर करतात याचं किती कौतुक वाटतं त्याबद्दल बोललो. टपालाचा टोमणा तू पुन्हा मारला नाहीस. मी मात्र मनातून सोडलं नव्हतं. यंत्र शुक्रवारी चालतं आणि माझ्या नावावर मांडलं की चालत नाही, याचा अर्थ मी तरी एकच लावत होतो. तू काहीतरी केलं होतंस. वर्षानुवर्षं तुझ्या समोर बसून मी तुझा चहा प्यायलो आणि तुझ्या हातांकडे बघत राहिलो, की हे कधी बोलतील.

गेल्या मंगळवारी रमेश आणि मी ते यंत्र माळ्यावरून उतरवायला गेलो. सलीमभाईंचे लूम जोरात चालू होते, खालची फरशी थरथरत होती. मी रमेशला म्हटलं, लाव रे, बघू. मनात म्हटलं, आता नाचेल. दिवे शून्यावर आले आणि तसेच राहिले. मी बटण दाबलं. एक. पुन्हा दाबलं. दोन. रमेश मोठ्याने मोजायला लागला आणि मला त्याला थांबवावं लागलं, कारण मला ऐकवेना. पंधरापर्यंत बिनचूक गेलं. मी पाच वेळा मोजून बघितलं, लूम ओरडत असताना. रमेशला बाजूला करून बटणाखाली काही लपवलंय का तेही बघितलं.

मग मागचा पत्रा उघडला. आत तू तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वाल्वभोवती पेटी केली होतीस. विजेची वायर जिथे आत येते तिथे एक चोक आणि दोन कंडेन्सर बसवले होतेस. त्या सोल्डरवर धुळीचा जाड थर होता आणि कोळ्याचं जुनं घर होतं. हे काल-परवाचं काम नव्हतं. मी स्टुलावर बसलो. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे, मला पाच मिनिटांत कळलं. शेकडो लूमच्या मोटरी चालू-बंद होतात, ठिणग्या पडतात, दाब खाली-वर होतो आणि ते धक्के विजेच्या वायरीतून आत येतात. यंत्राला ते बटण दाबल्यासारखेच वाटत होते. ते बिचारं प्रामाणिकपणे मोजत होतं, फक्त आपल्या बटणाऐवजी सगळ्या भिवंडीला. आणि आपण त्याची परीक्षा घेतली ती आठवड्यातून त्या एकाच दिवशी, जेव्हा भिवंडी बंद असते. दिवस मी निवडला होता.

तुला हे कळलं होतं. केव्हा, तेवढं मला माहीत नाही, पण फार पूर्वी. धक्के अडवणारे चोक-कंडेन्सर बसवून तू दुरुस्त केलंस, पत्रा लावलास, माळ्यावर ठेवून दिलंस आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस. का, बाळाराम? मंगळवारपासून मी हेच उगाळतोय. एकदा वाटतं, सूड घेतलास. बस म्हणालास म्हाताऱ्याला संशयात कुजत. एकदा वाटतं, उलट असेल. 'मास्तर, चूक तुमच्या शुक्रवाराची' हे तोंडावर म्हणायला तुला जड गेलं असेल. दुसरं खरं असेल तर मला जास्त त्रास होतो, म्हणून मी पुन्हा पहिल्याकडे वळतो. तुझ्या चांगुलपणाचा संशय घेऊन मी दमलो आहे.

काल मी कार्ड लिहून टाकलं. 'निर्माता' यापुढे तुझं नाव आणि 'कोन'. माझं नाव कुठेच नाही. अक्षर चांगलं यावं म्हणून बोरू काढला. खरं सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांचा हक्क मी एका ओळीत सोडून दिला होता. ते कार्ड पाकिटात घालून मी एसटीने कोनला तुझ्या घरी गेलो, हिरावहिनींना दाखवायला. त्यांचे डोळे भरून येतील, त्या काहीतरी बोलतील, असं मी सगळ्या रस्त्याने रंगवलं होतं.

वहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या. कार्ड मी वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसले, कार्ड हातात घेतलं, उलटून बघितलं आणि परत दिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्याचंच व्हतं, त्याचंच नाव लागलं. त्यात काय?"

मी लूमच्या ठिणग्यांचं सांगायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं.

"मास्तर, त्या दिसा मी मंडपात व्हते. त्याचा जेवनाचा डबा घेवून आल्ते, तुमच्या मागंच उबी व्हते. तुमी त्या सायबाला काय बोल्लाव त्ये मी आयकलं. त्यानं पन आयकलं. दोन म्हैने तो दुकानात न्हाय गेला. ह्यावर त्ये लिवलंय काय?"

इतकी वर्षं त्या मला चहा देत होत्या. त्या माझ्याकडे रोखून बघायच्या, तेव्हा मला वाटायचं, नवऱ्याचा वेळ खातो म्हणून बघतात. मी सुकटीच्या सुपाकडे बघत म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. मी तेव्हा..."

"मना कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हात पुन्हा सुकटीत गेले होते. "मी थोडीच यंत्र केल्तं. ज्याचं हाय त्याला सांगा."

मी म्हटलं, तो आता कुठे आहे? त्या सूप उचलून आत गेल्या. म्हणून काल संध्याकाळपासून हे लिहायला बसलोय. आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं मुद्द्याला बगल देण्यासाठीच लिहिलं असावं, अशी मला स्वतःचीच शंका आहे. आता सांगतो.

मी साहेबांना म्हणालो, "सर, जोडणी एका अडाणी मेकॅनिककडून करून घ्यावी लागली. मला आधीपासूनच शंका होती." तू माझ्या पायाशी बसला होतास आणि तुझ्या हातात माझ्या यंत्राची वायर होती. बघ, आताही 'माझ्या' असंच लिहून गेलो.

पण वहिनींना जे ठाऊक नाही ते वेगळंच आहे. आदल्या दिवशी, बुधवारी, तू दुपारी कोनला लग्नाला गेला होतास आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली होतीस. सहज म्हणून मी यंत्र चालू केलं. बाहेर लूम चालले होते. दिवे वेड्यासारखे उड्या मारायला लागले. मी बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. आणि मला वाटलं, यानेच आत काहीतरी करून ठेवलंय, म्हणजे उद्या याच्याशिवाय माझं अडेल. मी कुलूप लावलं आणि घरी गेलो. संध्याकाळी तू किल्ली घ्यायला दारात आलास, वहिनींनी दिलेले लाडू घेऊन, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो. उद्या चार लोकांत तुला पकडायचं, असं मी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी मी एक शब्द बोललो असतो तर तू हातातले लाडू खाली ठेवून दुकानात गेला असतास. चोक होता, कंडेन्सर होते, तेलाचे डबे होते. सकाळपर्यंत तू ते उभं केलं असतंस.

आणि मंडपात, दिवे नाचायला लागल्यावर, साहेब आपल्या टेबलापाशी पोचायच्या आत तू मला हळूच विचारलंस, "मास्तर, काल तुमी लावून बगितलं व्हतं काय?" मी म्हणालो, नाही.

बाळाराम, मी लावून बघितलं होतं.